आवाजटिंब

जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. याचं कारण इतकंच, की ती कोणी सांभाळावी हे ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीला मी गैरहजर होतो. दुसऱ्या दिवशी शिपायानं एक लिफाफा आणून दिला. आत होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या, कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड होता आणि बाहेर हळदकुंकवाचं बोट. ते कोणी लावलं हे आजवर कळलेलं नाही, पण पासवर्ड बदलायचा झाला की मला अजून थोडं अपराधी वाटतं.

पॅनेल पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला ते एखाद्या तालुका कचेरीसारखं वाटलं. पन्नास खिडक्या, प्रत्येकीवर पाटी, आणि आपलं काम कोणत्या खिडकीवर हे कोणी सांगणार नाही. तासाभरानं मी सबडोमेनच्या, म्हणजे पोटपत्त्यांच्या, खिडकीशी पोचलो. तिथे एक रिकामी चौकट होती. चौकटीच्या उजवीकडे एक टिंब, आणि टिंबापुढे आमच्या वाचनालयाचं नाव, करड्या अक्षरांत, आधीच लिहिलेलं. म्हणजे नाव त्यांचं, टिंब त्यांचं, मी फक्त त्याआधी एक शब्द लिहायचा. खाली दुसरी चौकट: हा शब्द टाइप करणाऱ्याला कोणत्या फोल्डरमध्ये नेऊन सोडायचं. मी कॅटलॉगसाठी ‘ग्रंथ’ असं रोमन अक्षरांत लिहिलं, बटण दाबलं, आणि चहा घ्यायला उठलो. चहा येईपर्यंत जगात एक नवा पत्ता झालेला होता. कोणाची सही नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही. मी माझ्या फोनवर तो शब्द, टिंब आणि पुढचं नाव लिहिलं, आणि आमच्या कपाटांतली पुस्तकं ओळीनं समोर आली. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेला माणूस होतो. तरी चहा थंड होऊ दिला.

हे मला कळलं ते आमच्या शेतामुळे. चोपड्याकडे आमचं थोडं रान आहे. सातबाऱ्यावर त्याला गट नंबर आहे आणि तो घरात कोणालाही पाठ नाही. आम्ही म्हणतो बोरवालं, नाल्यावरचं, मोठं वावर. गड्याला ‘बोरवाल्यात जा’ म्हटलं की तो बरोबर तिथे जातो, गट नंबर सांगितला तर आमच्याकडे बघत उभा राहील. इंटरनेटचंही तसंच आहे. आत सगळीकडे आकडे, बाहेर माणसांनी ठेवलेली नावं, आणि कुठेतरी एक वही, जिच्यात कोणतं नाव कोणत्या आकड्याचं ते लिहिलेलं. ही वही एका तलाठ्याकडे नाही. ती जगभर वाटलेली आहे. प्रत्येकाकडे थोडी, आणि आपल्याकडे नसलेलं पान दुसऱ्याला विचारायची रीत. तरी सहसा भांडण होत नाही. ज्याच्या घरात दोन भावांच्या बांधावरून तीन पिढ्या गेल्या, त्याला हे वाचून आश्चर्य वाटणारच.

होस्टिंगची आमची योजना सर्वांत लहान. तिच्यात सबडोमेन तीनच मिळतात. चौथं करायला गेलं की पॅनेल लाल अक्षरांत नकार देतं. हे मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगण्याची चूक केली. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते म्हणाले, “तीन? मग एक माझं करा.”

“कशासाठी, आबा?”

“अध्यक्षांचं नको का काही?”

कार्यकारिणीनं माना डोलावल्या. दुसरं सबडोमेन ‘अध्यक्ष’ झालं. त्यावर आबांचे फोटो होते: शाल घेताना, शाल देताना, आणि एका फोटोत शाल कोण कोणाला देतंय हे सांगता येत नव्हतं. तिसरं सबडोमेन ‘उद्घाटन’, कारण या सगळ्याचं उद्घाटन व्हायला हवं होतं. त्या दिवशी लॅपटॉपला फीत बांधली, आबांनी ती कापली, नारळ टेबलाच्या पायावर फुटला आणि पाणी विजेच्या बोर्डाच्या वीतभर अलीकडे थांबलं. वेबसाइट त्याआधी चार दिवस चालू होती. मी ते कोणाला सांगितलं नाही. उद्घाटनं ही सत्यासाठी नसतात, हे मी नोकरीत असतानाच शिकलो होतो.

माझी मावसबहीण, जिला मी अक्का म्हणतो, शिंदखेड्याजवळच्या एका गावात राहते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचे यजमान नाना आधी कंडक्टर होते, पुढे धुळ्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले. माइकही त्यांच्याकडे असे. धुळ्यात शिकत होतो तेव्हा मी स्टँडवर कितीतरी वेळा नुसता त्यांचा आवाज ऐकायला थांबलोय. सोनगीर, नरडाणा, शिंदखेडा ही तीन नावं ते अशी घेत की ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही तिकीट काढावंसं वाटे.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. नाना वाचले, आवाज गेला. तेव्हापासून त्यांच्या खाटेजवळ अक्काची शाळेतली पाटी असते आणि पितळेच्या तांब्यावर एक चमचा. लहानसहान गोष्टींसाठी ते पाटी घेत नाहीत. तांब्यावर चमचा एकदा वाजला की थांबा, पुरे. दोनदा वाजला की चालू द्या. सिंगल बेल, डबल बेल. घराला हे शिकवावं लागलं नाही. त्या घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर बसनंच प्रवास केला होता.

गेल्या वर्षी अक्का जळगावला आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. आत अकरा कॅसेटी. नानांची ड्यूटी असायची तेव्हा दोन्ही मुली गोष्टीशिवाय झोपत नसत, म्हणून नाना सुट्टीच्या दिवशी गोष्टी टेप करून ठेवत. अक्का म्हणाली, “नानानी पंचाहत्तरी शे पुढला महिनामा. मी कार्डवर छापसू, नानांचा आवाज ऐका. सुरतन्या पोरी, नाशिकना, चोपडाना, बठ्ठा नातेवाईक पाच वाजता आपापला फोनवर ऐकतीन. तू कर ते काय करनं शे ते.”

“नानांना विचारलंस?”

“त्यास्ले वाटस कॅसेटी कव्हयच खराब व्हयी गयात. मी काही बोलनू नही.”

मग थोड्या वेळानं, डब्याचं झाकण लावत, ती प्रमाण मराठीत म्हणाली, “ते आता माणसांत बसत नाहीत रे.” अक्काला महत्त्वाचं बोलायचं असलं की ती शाळेच्या भाषेत बोलते.

मी वाचनालयातला जुना टेपरेकॉर्डर काढला, संगणकाला जोडला, आणि आठवडाभर दुपारी दार लावून कॅसेटी ऐकल्या. मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच मुलीचं खिदळणं, आणि त्यावर तो आवाज. सगळ्या गोष्टी एकाच बसमध्ये घडत. बस धुळ्याहून सुटे, वाटेत कोणीतरी चढे. “कोल्हा सोनगीरले चढना. मी म्हनं, तिकीट? कोल्हा म्हने, मन्ही शेपटी देखी का? मी साहेब शे.” पुढे नरडाण्यापर्यंत त्या कोल्ह्याची कशी जिरते ती गोष्ट. शेवट नेहमी एकच: “शिंदखेडं उनं. बठ्ठा उतरा.” शिंदखेडं आलं, सगळे उतरले, म्हणजे मुलींनी डोळे मिटायचे. पाचव्या कॅसेटला माझेही मिटले, आणि जागा झालो तेव्हा कॅसेट संपून नुसती खरखर चालली होती. मला ती खरखर बंद करवेना.

आता या गोष्टींना एक पत्ता हवा होता. मी आबांना विचारलं, ‘उद्घाटन’ काढलं तर चालेल का? ते उदारपणे म्हणाले, “झालंय ना ते? मग काढा.” मी ‘उद्घाटन’ काढलं आणि त्या चौकटीत ‘आवाज’ लिहिलं, फोल्डरमध्ये नानांच्या गोष्टी ठेवल्या. माझ्या फोनवर उघडून पाहिलं, सुरतच्या भाच्यांना पाठवलं. त्यांनी रडून घेतलं, मैत्रिणींना पुढे पाठवलं, वडिलांना काही न सांगण्याची शपथ घेतली. मग मी अक्काला कार्डासाठी पत्ता फोनवर सांगितला.

“लिहून घे, अक्का. आवाज. इंग्रजीत. ए, डब्ल्यू, ए, जे.”

“हं.”

“मग टिंब.”

“हं.”

“टिंब म्हणजे डॉट.”

“माहीत शे माले डॉट. पुढे सांग.”

मी पुढचं सांगितलं. तिनं ते सगळं मला परत वाचूनही दाखवलं आणि मी ‘बरोबर’ म्हणालो. कार्ड छापून आल्यावर तिनं त्याचा फोटो पाठवला. मी नानांचा फोटो पाहिला, मजकुरातले ऱ्हस्वदीर्घ तपासले, पत्ता वाचला नाही. आपल्याला पाठ असलेली गोष्ट कोण वाचतं?

कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळच्या बसनं धुळ्याला आणि तिथून अक्काच्या गावी पोचलो, तेव्हा साडेअकरा झाले होते. अंगणात मांडव, पंचाहत्तर दिवे परातीत मांडलेले. नाना ओसरीवर खाटेवर बसले होते. समोर अक्कानं सकाळीच दिलेलं कार्ड, हातात फोन, आणि मांडीवर पाटी. मला बघून त्यांनी पाटी वळवली.

‘हाऊ आवाज बी गया.’

मी त्यांच्या फोनकडे पाहिलं. ‘ही साइट सापडली नाही.’ मग कार्ड हातात घेतलं आणि पहिल्यांदाच पत्ता वाचला. ए, डब्ल्यू, ए, जे. त्याला जोडून टी, आय, एम, बी. त्यानंतर एक डॉट. त्यानंतर आमचं वाचनालय.

आवाजटिंब.

अक्का हातातल्या वाती ठेवून आली. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं चष्मा वर केला, वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तिसरीत गेलो.

“मग? तूच सांगं, आवाज टिंब. मी लिखं. तीस वरीस पोऱ्यासले तेच शिकाडं, आयका तसं लिखा.”

“अगं, आणि वर डॉटही दिलास!”

“तूच म्हने, टिंब म्हंजे डॉट. म्हनीसन मंग डॉट बी दिधा.”

यात तिची चूक शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. सापडली नाही. शुद्धलेखनाला तिला पैकीच्या पैकी द्यावे लागले असते.

“सगळ्यांना कळवू या,” मी म्हणालो. “मधलं टिंब काढून वाचा म्हणावं.”

“तीनशे घरे कार्ड गयं. कोन कोनले सांगशी? छापेल शे ते.” आणि मग आवाज उतरवून, शाळेच्या भाषेत: “आणि ह्यांना काय सांगू? चूक झाली, असं? ते आधीच म्हणतात, माझं आता काही ऐकायला नको.”

नानांनी पाटी पुसली. कार्ड उलटं करून उशीखाली सरकवलं.

मी मांडवामागे जाऊन लॅपटॉप उघडला. छापलेलं बदलता येत नव्हतं. पण त्या चौकटीला बरोबर आणि चूक यातलं काहीच कळत नाही, हे मला मांडवाच्या खांबाला टेकून बसल्यावर सुचलं. तिला कोणताही शब्द चालतो. ‘आवाजटिंब’ नावाचा पत्ता जगात नव्हता, कारण तो अजून कोणी केला नव्हता. मी लिहिला, खालच्या चौकटीत ‘आवाज’चंच फोल्डर दिलं, म्हणजे खोली तीच, दार दुसरं. बटण दाबलं. लाल अक्षरांत नकार आला. तीन झाले होते.

ग्रंथ, अध्यक्ष, आवाज. ‘ग्रंथ’वर वाचक रोज पुस्तकं शोधत. ‘आवाज’ भाच्यांनी अर्ध्या सुरतेला पाठवून ठेवलं होतं. मी आबांना फोन लावला. ते कुठल्याशा सत्काराला होते, सत्कार त्यांचा की त्यांच्या हस्ते हे माहीत नाही, फोन उचलला नाही. पुन्हा लावला. मग मी ‘अध्यक्ष’समोरच्या डिलीटवर बोट नेलं. पॅनेलनं विचारलं, नक्की? असा प्रश्न आमच्या कार्यकारिणीत आजवर कोणी विचारला नव्हता. मी ‘हो’ म्हटलं. शाली फोल्डरमध्ये सुरक्षित राहिल्या, फक्त नाव गेलं.

आबांना मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी शालीची घडी नीट केली. मग म्हणाले, “त्यावर कोणी येत होतं का हो?” मी म्हटलं, “मी येत होतो, आणि तुम्ही.” ते म्हणाले, “मी नाही. मला वाटलं पासवर्ड लागतो.” त्या दिवसापासून माझा आबांबद्दलचा आदर वाढला, आणि ‘अध्यक्ष’ परत करायची आठवण दोघांनीही काढलेली नाही.

तर, जागा झाली. ‘आवाजटिंब’ तयार झालं तेव्हा साडेबारा वाजले होते. माझ्या फोनवर आधी असुरक्षित असल्याचा इशारा आला, थोड्या वेळानं पॅनेलनं स्वतःच सुरक्षेचं कुलूप मिळवलं आणि पान उघडलं. मी धावत ओसरीवर गेलो. नानांच्या फोनवर पत्ता टाकला.

‘ही साइट सापडली नाही.’

अक्काच्या फोनवर तेच. शेजाऱ्यांच्या फोनवर तेच. फक्त माझ्या फोनवर उघडत होतं. होस्टिंगवाल्यांच्या मदत क्रमांकावर एक बाई भेटल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “सर, बनवायच्या आधी कोणी उघडून बघितलं होतं का?”

“हो. सकाळपासून. बहुतेक अख्ख्या गावानं.”

“मग त्यांना ‘नाही’ असं उत्तर गेलंय. ते उत्तर त्यांच्या मोबाइल कंपनीकडे साठून राहतं. काही वेळ पुन्हा विचारलं तरी तेच सांगणार. तुमचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल. थांबा सर, दोन-तीन तास. आपोआप विसरेल.”

मी फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. आयुष्यभर पुस्तकांत राहिलो, पण ही गोष्ट कुठे वाचली नव्हती: जे नाही, त्याचं नसणंही कुणीतरी जपून ठेवतं. जगभर वाटलेल्या त्या वहीत नुसती असलेल्यांची नावं नव्हती. कोणीतरी सकाळी खाटेवर बसून विचारलेलं, आणि न सापडलेलं, तेही टिपलेलं होतं. आणि त्याची मुदत ठरलेली होती. इतक्या वेळानं ‘नाही’ विसरायचं, आणि पुन्हा विचारायला जायचं. ज्या कोणी ही रीत घातली त्याला मी ओळखत नाही, पण मांडवामागे मी हात जोडले. आचारी बघत होता. त्याला वाटलं मी त्याला नमस्कार केला. त्यानंही केला.

मी अक्काला एवढंच सांगितलं की फोन पाचपर्यंत विसरतील. ती म्हणाली, “आनि नही विसरनात ते?” नानांना माझ्या फोनवर ऐकवायचं मी सुचवलं, तर तांब्यावर एकदाच चमचा वाजला. पुरे.

तीनला नाही. चारला नाही. पाहुणे आले. साडेचारला नानांना खाटेला लागूनच पाटावर बसवून दिव्यांनी ओवाळलं. ते अंगावर नवीन सदरा असूनही खिडकीबाहेर बघणाऱ्या प्रवाशासारखे दिसत होते. पाच वाजता मांडवातल्या लोकांनी कार्डं काढली, फोन काढले, आणि अक्का माझ्याकडे पाहू लागली. मी नानांकडे पाहत होतो. त्यांनी पाट सोडला नाही, पण हात उशीकडे दाखवला. अक्कानं कार्ड काढून दिलं. खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटानं नाना एकेक अक्षर लिहू लागले. टी, आय, एम, बी इथे थोडे थांबले, कार्डाशी ताडून पाहिलं, मग डॉट.

पान उघडलं.

“धुळं, सोनगीर, नरडाणा, शिंदखेडा. चला, जागावर बठा. गाडी निंघी ऱ्हायनी.”

नानांचा हात तसाच राहिला. मग मांडवात दुसऱ्या फोनवर तेच सुरू झालं, थोडं मागे. मग तिसऱ्या. मग एकदम वीस-पंचवीस फोन, प्रत्येक एक-दोन शब्द पुढेमागे, सोनगीर, सोनगीर, नरडाणा, सोनगीर. आणि मला धुळ्याचं स्टँड ऐकू आलं. तिथेही असंच होई. इतके कर्णे, आणि एकच आवाज कोपऱ्याकोपऱ्यातून वेगवेगळ्या वेळी येई. अंगणात सहा लोक असतील ज्यांनी ते ऐकलं होतं, त्या सहाही जणांनी माना वर करून कर्णा कुठे आहे ते शोधलं. व्हिडिओ कॉलवर सुरतच्या भाच्या होत्या, त्यांच्यामागेही तोच आवाज लागला होता.

हळूहळू लोकांनी आपापले फोन बंद केले आणि नानांचा एकच चालू राहिला. कोल्हा चढला. तिकीट मागितलं गेलं. नानांचे ओठ हलत होते. शब्दाआधी हलत होते. गोष्ट त्यांना पुढची पुढची आठवत होती. ‘मी साहेब शे’ला मांडव हसला, आणि नाना, आवाज नसताना, खांदे हलवून हसले. अक्का त्यांच्याकडे न बघता परातीतले विझलेले दिवे मोजून ठेवत होती. दोनदा चुकली.

नरडाणा आलं. कोल्ह्याला तिथेच उतरवलं. आणि मग तो शेवट: “शिंदखेडं उनं. बठ्ठा उतरा.”

कोणी उठलं नाही. जेवणाची पानं मांडली होती, आचारी दारात उभा होता. फोनवर कॅसेटीची खरखर सुरू झाली. अक्का म्हणाली, “व्हयनं. आते जेवाले बठा,” आणि फोन बंद करायला हात पुढे केला.

नानांनी तांब्यावर चमचा मारला. ती थांबली. एकदा वाजला होता.

मग दुसऱ्यांदा वाजला.